पहिली सिगारेट कुठून येते? अल्पसंख्याक किशोरांसाठी धूम्रपान-प्रतिबंधाचा कार्यक्रम आखताना

धूम्रपान-प्रतिबंधाचा कार्यक्रम म्हटलं की एक चित्र ठरलेलं असतं. शाळेचा हॉल, पडद्यावर काळंठिक्कर फुप्फुस, पुढच्या रांगेत माना डोलावणारी मुलं आणि मागच्या रांगेत खुसखुसणारी. मुलं अल्पसंख्याक समाजातली असली तर आयोजक थोडे आणखी कष्ट घेतात. पत्रकाचं भाषांतर होतं, पोस्टरवरचे चेहरे बदलतात. कार्यक्रम मात्र तोच राहतो, आणि त्याचा परिणामही तोच: जवळजवळ शून्य.

ज्यांच्यावर हे काम खरोखर येऊन पडतं, त्या शिक्षकांसाठी, समुपदेशकांसाठी, आरोग्यसेवकांसाठी आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी हा लेख आहे. या विषयावरचं बरंचसं संशोधन अमेरिकेत झालंय, म्हणून दाखले तिकडचे जास्त येतील. कामाची पद्धत मात्र कुठेही लागू पडते. सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या गटातल्या मुलाच्या हातात पहिली सिगारेट कोणाकडून, कुठे आणि कुठल्या क्षणी येते? हे ठाऊक नसताना केलेला आराखडा म्हणजे पत्ता न लिहिता पेटीत टाकलेलं पत्र.

पायरी १: ‘अल्पसंख्याक’ हा शब्द आधी फोडा

हा शब्द अनुदानाच्या अर्जात चालतो, आराखड्यात चालत नाही. अमेरिकेतल्या आकडेवारीकडे पाहिलं की का ते कळतं. तिथे सिगारेटचं प्रमाण सर्वांत जास्त आढळतं ते मूळनिवासी समाजांत. कृष्णवर्णीय किशोर गोऱ्या किशोरांपेक्षा कमी सिगारेट ओढतात, पण प्रौढ वयात हा फरक जवळपास पुसला जातो, कारण त्यांच्यातले बरेच जण उशिरा सुरुवात करतात. लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलींमध्ये नव्या समाजाची भाषा आणि वळण अंगवळणी पडत जातं तसं धूम्रपान वाढताना दिसतं. आशियाई वंशाच्या लोकांचं एकत्रित प्रमाण कमी, पण कोरियन किंवा व्हिएतनामी पुरुषांचं वेगळं काढलं तर चित्रच पालटतं.

या चार ओळींतून चार वेगळे कार्यक्रम निघतात. उशिरा सुरुवात होणाऱ्या गटासाठी बाराव्या वर्षी पाठ घेऊन थांबलात तर तुमचं काम संपतं तेव्हा खरी जोखीम सुरू होते. तिथे शाळा सोडताना, पहिली नोकरी धरताना काहीतरी हवं. स्थलांतरित कुटुंबात प्रश्न वेगळा असतो. घरातलं वळण मुलीला सिगारेटपासून लांब ठेवत होतं, ते सैल होतंय आणि त्या जागी दुसरं काही आलेलं नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात एक कागद घ्या आणि गटाचं वर्णन पाच-सहा ओळींत लिहा: वय, घरची भाषा, कितवी पिढी, मुलगे की मुली, शाळेत आहेत की शाळा सुटलेली, आणि नेमकं काय ओढतात. शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. सिगारेट, बारीक सिगार, हुक्का, ई-सिगारेट, चघळायची तंबाखू या पाच वेगळ्या सवयी आहेत. ‘तू सिगारेट ओढतोस का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा मुलगा फळाच्या चवीचा बारीक सिगार रोज ओढत असू शकतो आणि तो खोटंही बोलत नसतो. राष्ट्रीय सर्वेक्षणात तुमचा गट ‘इतर’ या रकान्यात बसवला असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा.

पायरी २: दार वाजवा, आणि कराराचा कागद बरोबर न्या

बाहेरून आलेल्या तज्ज्ञांचा अनुभव अनेक समाजांना आधीच आलेला असतो, आणि तो चांगला असतोच असं नाही. १९७९ मध्ये अलास्कातल्या बॅरो या गावी (आजचं उटकियाग्विक) दारूच्या वापराचा अभ्यास झाला. निष्कर्ष गावाशी नीट बोलण्याआधीच वर्तमानपत्रांत पोचले आणि एका अख्ख्या समाजावर दारुड्यांचा शिक्का बसला. ॲरिझोनातल्या हवासुपाई लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या संशोधनासाठी रक्त दिलं, ते त्यांना न विचारता इतर अभ्यासांसाठीही वापरलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये ७ लाख डॉलरच्या भरपाईवर मिटलं.

हे लक्षात असलं की पहिल्या बैठकीत लोक गप्प का बसतात ते कळतं. तुमच्याविषयी त्यांचं काही म्हणणं नसतं, तुमच्या आधी येऊन गेलेल्यांविषयी असतं.

करायचं ते असं. समाजातल्या आठ-दहा जणांचं सल्लागार मंडळ करा, पण त्यात निम्मी तरी किशोरवयीन मुलं आणि तरुण हवेत. नुसते ज्येष्ठ आणि धर्मगुरू घेतले तर बैठका छान पार पडतात आणि खरी माहिती बाहेरच राहते. मंडळाला मानधन द्या. मग चार गोष्टी लेखी ठरवा: माहिती कोणाच्या मालकीची, ती कुठे ठेवायची, निष्कर्ष आधी कोणाला दाखवायचे, आणि प्रसिद्धीत समाजाचं नाव घालायचं की नाही. कॅनडातल्या मूळनिवासी समाजांनी यासाठी मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा अशी चार तत्त्वं मांडली आहेत. कराराचा साचा म्हणून ती सरळ उचलता येतात. या सगळ्यात दोन-तीन महिने जातात. अनुदान देणारे कुरकुर करतील. करू द्या.

पायरी ३: पहिल्या सिगारेटचा नकाशा काढा

माझ्या मते कार्यक्रमाचं निम्मं यश या पायरीत असतं, आणि नेमकी हीच गाळली जाते. त्या जागी एक भलीमोठी प्रश्नावली वाटली जाते, तिच्यात ‘धूम्रपान आरोग्यास घातक आहे असे तुम्हाला वाटते का?’ असा प्रश्न असतो आणि ९० टक्के मुलं ‘हो’वर खूण करतात. ओढणारीही.

नकाशासाठी पंधरा-वीस मुलांशी एकेकट्याने बोला, शिवाय सहा-सात जणांचे तीन-चार गट बसवा. एकट्याने बोलताना स्वतःविषयी विचारा, गटात ‘तुमच्या वयाच्या मुलांविषयी’. गटात कोणी स्वतःबद्दल खरं सांगत नाही, आणि सांगितलंच तर ते फुशारकीसाठी. बोलणारा तरुण, शक्यतो त्याच समाजातला आणि शाळेत शिकवत नसलेला असावा.

विचारायचं ते मताबद्दल नको, प्रसंगाबद्दल असू द्या:

‘पहिल्यांदा कोणाच्या हातातून घेतलीस? तो तुझ्यापेक्षा किती मोठा?’
‘कुठे होतात? किती वाजले होते? आणखी कोण होतं?’
‘त्याच्या आधी दहा मिनिटं काय चाललं होतं?’
‘नाही म्हणाला असतास तर तो काय म्हणाला असता?’
‘घरी कोणाला कळलं? कळल्यावर काय झालं?’

तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. त्याच्या उत्तरात ताण दिसतो, कंटाळा दिसतो, कधी वर्गातला अपमान दिसतो. वांशिक भेदभावाचा अनुभव आणि धूम्रपान यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत आढळलाय. इथे तो तुम्हाला मुलाच्या स्वतःच्या शब्दांत ऐकू येतो. पोलिसांनी रस्त्यात थांबवून दप्तर उलटंपालटं केलं, मग मित्राने ‘सोड ना, हे घे’ म्हणत पाकीट पुढे केलं. अशा मुलाला ‘मित्रांच्या दबावाला बळी पडू नका’ हे वाक्य ऐकवण्यात काय अर्थ? तिथे दबाव नव्हता, दिलासा होता.

दुसरी फेरी परिसराची. मुलांच्या हातात मोबाइल द्या आणि शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेवर तंबाखूची जी जी खूण दिसेल तिचा फोटो काढायला सांगा. (माणसांचे चेहरे टाळायचे, हे आधी बजावा.) जाहिराती, दुकानाच्या काचेवरची चित्रं, सुटी विक्री, सवलतीच्या पाट्या. मग मोठा कागद पसरून ते सगळे फोटो नकाशावर चिकटवायचे. हे काम मुलं मन लावून करतात, आणि कंपन्यांना आपल्या वस्तीत इतका रस का, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडतो.

त्या प्रश्नाला इतिहास आहे. १९८९ च्या अखेरीस आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने ‘अपटाउन’ नावाची मेंथॉल (पुदिन्यासारख्या गार चवीची) सिगारेट जाहीर केली. ग्राहक उघडउघड कृष्णवर्णीय, आणि चाचणी-विक्रीचं ठिकाण फिलाडेल्फिया. तिथले धर्मगुरू, आरोग्य संघटना आणि रहिवासी एकत्र आले, त्या वेळचे आरोग्यमंत्री लुई सलिव्हन यांनी कंपनीवर जाहीर टीका केली, आणि जानेवारी १९९० मध्ये, विक्री सुरू होण्याआधीच, कंपनीने माघार घेतली. मेंथॉल मात्र राहिलं. ते घशाची जळजळ कमी करतं, म्हणून नवख्याला पहिले झुरके सोपे जातात. अमेरिकेत कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के मेंथॉलच ओढतात. २००९ च्या कायद्याने तिथे सिगारेटमधल्या इतर चवींवर बंदी आली, मेंथॉल तेवढं वगळलं गेलं. ही गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलाला सांगून पाहा. फुप्फुसाच्या चित्राने न बदलणारा चेहरा इथे बदलतो.

नकाशा पूर्ण झाला की त्यातून तीन-चार ‘ठरलेले प्रसंग’ निघतात: मोठ्या भावंडाने दिलेली, शाळेमागे वाटून ओढलेली, लग्नसमारंभात मोठ्यांच्या पाकिटातून उचललेली, एकटेपणी ओढलेली. हे प्रसंग लिहून ठेवा. पुढचे सगळे पाठ यांच्यावरच उभे राहणार आहेत.

पायरी ४: चाकाचा शोध पुन्हा लावू नका, पण कुठलं चाक ते नीट बघा

आधी काय चालत नाही ते पाहू. नुसती माहिती चालत नाही. भीती दाखवून त्या दिवसापुरती शांतता मिळते. वर्षातून एकदाचं भाषण म्हणजे फोटोपुरता कार्यक्रम. तंबाखू कंपन्यांनी स्वतः चालवलेल्या मोहिमांपासून तर चार हात लांब राहा. फिलिप मॉरिसच्या ‘थिंक. डोन्ट स्मोक.’ या मोहिमेच्या जाहिराती पाहिलेल्या मुलांमध्ये सिगारेट ओढण्याचा इरादा उलट जास्त असल्याचं २००२ च्या एका अभ्यासात आढळलं. ‘हे मोठ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही’ असं सांगितल्यावर मुलाला काय ऐकू येतं, हे कोणाही आईबापाने सांगितलं असतं.

‘नकार द्यायला शिकवा’ एवढंही पुरत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या हचिन्सन प्रकल्पात ४० शाळा-जिल्हे होते. तिसरीतल्या ८ हजारांहून जास्त मुलांपासून सुरुवात करून बारावीपर्यंत आणि पुढेही पाठपुरावा केला गेला. पाठ सामाजिक प्रभाव (मित्र, जाहिराती यांचा) ओळखण्यावर बेतलेले, अंमलबजावणी काटेकोर. २००० मध्ये निष्कर्ष आला: पाठ मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत फरक नाही. हा अभ्यास निराश करणारा आहे खरा, पण प्रामाणिक आहे, आणि आराखडा करणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा.

मग उरतं काय? कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात शाळांमधल्या शंभराहून जास्त अभ्यासांचा ताळेबंद मांडला गेला. सामाजिक प्रभाव ओळखणं आणि सर्वसाधारण जीवनकौशल्यं, म्हणजे निर्णय घेणं, ताण सांभाळणं, मन मोकळं करणं, या दोन्ही गोष्टी एकत्र शिकवल्या तर वर्षभरानंतरही परिणाम टिकल्याचं त्यात दिसलं. नुसत्या माहितीचा तसा पुरावा मिळाला नाही. गिल्बर्ट बॉटविन यांचा ‘लाइफ स्किल्स ट्रेनिंग’ हा याच जातीचा कार्यक्रम, आणि न्यूयॉर्कमधल्या लॅटिनो व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर तो तपासला गेलाय. पहिल्या वर्षी १५ पाठ, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी ५, अशी त्याची रचना. उजळणीची ती दोन वर्षं कापू नका. निधी आटला की पहिली कात्री तिथेच लागते.

माझा सल्ला: असा एखादा तपासलेला कार्यक्रम घ्या आणि त्याचा गाभा कोणता हे कागदावर मांडा. पाठांची संख्या, क्रम, कौशल्याचा प्रत्यक्ष सराव, ‘सगळेच ओढतात’ हा गैरसमज आकड्यांनी दूर करणं, हे सगळं गाभ्यात येतं. याला हात लावायचा नाही. बाकीचं, म्हणजे नावं, गोष्टी, प्रसंग, भाषा, खेळ, हवं तसं बदला.

पायरी ५: पाठ आपल्या मुलांच्या मापाने बेता

केन रेस्निको आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सांस्कृतिक जुळवणीचे दोन थर सांगितले: वरचा आणि खोलचा. वरच्या थरात चेहरे, भाषा, संगीत, जागा. खोलच्या थरात त्या समाजाच्या मनात धूम्रपान म्हणजे काय, नातं म्हणजे काय, मोठ्यांचा मान कसा राखतात, अन्यायाचा इतिहास कसा आठवतात. वरच्या थराने कार्यक्रम आपला वाटतो, खोलच्या थराने तो लागू पडतो.

हा फरक एका पाठात पाहू. तयार पुस्तिकेत नकाराचा सराव असा असतो: मित्र सिगारेट पुढे करतो, मुलगा त्याच्या डोळ्यांत पाहून ठामपणे म्हणतो, ‘नको, मला हे पटत नाही.’ आता तुमच्या नकाशावर सिगारेट देणारा मित्र नाहीच, एकोणीस वर्षांचा चुलतभाऊ आहे. तोच मुलाला रोज खेळायला नेतो, अडीअडचणीला पैसे देतो. ज्या समाजात मोठ्यांना तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणा समजतात, तिथे ते ठाम वाक्य मुलगा वर्गात बोलेल, टाळ्याही मिळतील, आणि संध्याकाळी भावासमोर ते त्याच्या तोंडून फुटणार नाही.

तो पाठ असा बदलता येतो. वर्गात आधी मुलांनाच विचारा, ‘मोठ्या भावाला न दुखावता कसं टाळाल?’ उत्तरं फळ्यावर लिहा. एक म्हणेल, ‘आत्ता नको दादा, खेळायचंय, दम लागतो.’ दुसरी म्हणेल, ‘आईला वास लगेच कळतो, आणि ओरडा तुलाच बसेल.’ तिसरा म्हणेल, ‘मी तर पाणी आणतो म्हणून सटकतो.’ हे सगळे नकारच आहेत. ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या शाळांमध्ये तयार झालेल्या ‘कीपिन इट रिअल’ कार्यक्रमात नेमके असेच चार मार्ग शिकवले जातात: नाही म्हणणं, कारण सांगणं, प्रसंग टाळणं, तिथून निघून जाणं. त्याची मांडणी स्थानिक किशोरांच्या अनुभवांतून झाली. ३५ शाळांतल्या चाचणीत एक गंमत दिसली. लॅटिनो मुलांसाठी खास बेतलेली आवृत्ती आणि अनेक संस्कृतींचे धागे एकत्र विणलेली आवृत्ती, दोन्ही चालल्या. प्रत्येक मुलाला त्याच्याच वंशाची आवृत्ती द्यावी लागते असं दिसलं नाही. ज्यांच्या वर्गात सात भाषांची मुलं एकत्र बसतात, त्यांना यातून दिलासा मिळावा.

खोलच्या थराचं सर्वांत ठळक उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजांचं. त्यातल्या अनेकांसाठी तंबाखू पवित्र वनस्पती आहे, प्रार्थनेत आणि विधीत ती अर्पण केली जाते. तिथे ‘तंबाखू म्हणजे विष’ असं पोस्टर लावणं म्हणजे आजीच्या प्रार्थनेला विष म्हणणं. तिथले कार्यक्रम म्हणून विधीतली तंबाखू आणि कारखान्यातली तंबाखू यांत रेघ ओढतात: पहिलीचा मान राखायचा म्हणून दुसरीला दूर ठेवायचं. ही वाट समाजाच्या आतूनच सापडते, बाहेरच्या माणसाला ती सुचणं कठीण.

पण संस्कृतीशी जुळवून घेतलं की काम झालं, असंही समजू नका. स्टीव्हन शिंके आणि सहकाऱ्यांनी दहा मूळनिवासी राखीव क्षेत्रांतल्या शाळकरी मुलांना दोन्ही संस्कृतींत वावरण्याची कौशल्यं शिकवली. साडेतीन वर्षांनी पाहिलं तर चघळायची तंबाखू, दारू आणि गांजा यांचा वापर तुलनेने कमी होता, सिगारेटचा मात्र नव्हता. जुळवणी चांगली असूनही नेमकी सिगारेट निसटू शकते. म्हणून मोजमाप वस्तूनिहाय ठेवायचं.

भाषांतराबद्दल थोडक्यात: एकाने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट फिरवावं, दोन्ही मजकूर शेजारी ठेवून तपासावेत. त्यानंतर पाच मुलांना प्रत्येक वाक्य वाचायला देऊन ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणावं. शब्दकोशातला ‘धूम्रपान’ मुलांच्या तोंडात नसतोच. ते जो शब्द वापरतात तोच प्रश्नावलीत घाला, शिक्षकांनी नाक मुरडलं तरी.

पायरी ६: बोलणार कोण?

बहुतेक ठिकाणी वर्गातली गुणी, पहिल्या बाकावरची मुलं ‘दूत’ म्हणून निवडली जातात. ती शिक्षकांना आवडतात, हाच त्यांचा दोष. इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९ शाळांत, १२-१३ वर्षांच्या १० हजारांहून जास्त मुलांबरोबर झालेल्या ‘असिस्ट’ चाचणीत निवड मुलांवरच सोपवली होती. ‘तुम्ही कोणाचा मान राखता? चांगला म्होरक्या कोण होईल? कोणाकडे पाहून शिकावंसं वाटतं?’ असं विचारून ज्यांची नावं सर्वांत जास्त आली ती मुलं घेतली, एकूण वर्गाच्या सुमारे १७ टक्के. यादीत वात्रट म्हणून नावाजलेलीही आली, आणि ती काढली नाहीत. शाळेबाहेर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, पुढचे दहा आठवडे या मुलांनी बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, खेळताना सहज गप्पांतून विषय काढायचा. भाषण नाही, फलक नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या शाळांमधली मुलं नियमित धूम्रपानाकडे वळण्याची शक्यता दोन वर्षांनंतरही कमी दिसली.

हे अल्पसंख्याक गटात करताना एक काळजी घ्या. मिश्र शाळेत सगळ्या वर्गाची मतं एकत्र मोजलीत तर बहुसंख्य मुलांचीच नावं वर येतील आणि तुमचा गट पुन्हा कोपऱ्यात जाईल. मैत्रीची वर्तुळं आधी ओळखा आणि प्रत्येक वर्तुळातून नावं घ्या. दुसरं म्हणजे, धूम्रपान करणाऱ्या मुलांचा वेगळा गट करून त्यांना आठवडेच्या आठवडे एकत्र बसवू नका. जोखमीतली मुलं एकत्र आली की एकमेकांच्या उचापतींना दाद देतात आणि वर्तन सुधारण्याऐवजी बिघडतं, हे टॉमस डिशन यांच्या १९९९ च्या कामातून पुढे आलं होतं.

प्रौढ प्रशिक्षक समाजातला असेल तर उत्तमच. नसेल तर निदान त्याला बोलण्यापेक्षा ऐकण्याची सवय हवी. प्रशिक्षणात प्रत्येकाने दोन पाठ प्रत्यक्ष घेऊन दाखवावेत. पुस्तिका वाटून ‘वाचून या’ म्हणणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

पायरी ७: घर, शाळेचा नियम, दुकान

घरी कोणी ओढत असेल तर कार्यक्रम घराच्या विरोधात उभा राहिल्यासारखा होतो, आणि मूल त्या दोघांत सापडतं. पालकांशी बोलताना सुरुवात ‘तुम्ही सोडा’ने करू नका. ‘घरात ओढू नका, पाकीट उघड्यावर ठेवू नका, मुलाला आणायला पाठवू नका, आणि तुम्हाला सवय कशी लागली ते त्याला खरं सांगा’ एवढंच मागा. शेवटचं सर्वांत परिणाम करतं. सोडायची इच्छा दिसली तर मदत कुठे मिळते ते लगेच हातात द्या. सभेला दुभाषी लागणार असेल तर मोठ्या माणसाची सोय करा. मुलालाच दुभाषी केलं तर तो आपल्याला अडचणीचं काहीच पलीकडे पोचवणार नाही.

शाळेत तंबाखू सापडली की निलंबन, हा नियम बदलून घेण्यासाठी मुख्याध्यापकांशी बसा. निलंबनाचा बडगा अल्पसंख्याक मुलांवर अधिक पडतो, आणि घरी बसवलेल्या मुलाला ओढायला मोकळा वेळच मिळतो. त्याऐवजी समुपदेशनाची तीन-चार सत्रं ठेवा.

दुकानांचं काम मोठं आणि चिकाटीचं आहे. वयाची अट अमेरिकेत डिसेंबर २०१९ पासून देशभर २१ वर्षांची आहे, पण कायदा कागदावर असणं वेगळं आणि गल्लीत असणं वेगळं. मुलांनी काढलेला फोटो-नकाशा इथे उपयोगी येतो. स्थानिक प्रशासनासमोर तो मुलांनीच मांडावा. चवीच्या तंबाखूच्या विक्रीवरची बंदी हे शक्य कोटीतलं उद्दिष्ट आहे: मॅसॅच्युसेट्समध्ये २०२० पासून आणि कॅलिफोर्नियात २०२२ च्या अखेरीपासून अशी बंदी लागू आहे, त्यात मेंथॉल सिगारेटही येतात.

पायरी ८: ज्यांनी सुरुवात केलीच आहे ती मुलं

चौदा वर्षांच्या तीस मुलांत दोन-तीन जण आधीच ओढत असतील, असं धरूनच चला. त्यांना वगळून बोललात की ती मनाने वर्गाबाहेर जातात. निकोटिनचं परावलंबन यायला वर्षानुवर्षं लागतात हाही गैरसमज आहे. रोज न ओढणाऱ्या किशोरांमध्येही तलफ, चिडचिड अशी लक्षणं काही आठवड्यांत दिसू शकतात. जोसेफ डिफ्रान्झा यांच्या गटाने यासाठी दहा प्रश्नांची साधी यादी तयार केली आहे. तिच्यातल्या एका प्रश्नालाही ‘हो’ उत्तर आलं तर स्वतःवरचा ताबा थोडा तरी गेलाय असं समजतात. अशा मुलाला गुपचूप, नाव न फोडता, समुपदेशकाकडे पोचवायची वाट आधी तयार असली पाहिजे.

पायरी ९: मोजा, आणि फसवणूक होऊ देऊ नका

आधी दोन वर्गांवर पाठ चालवून पाहा, मुलांच्या जांभया मोजा, मग पूर्ण कार्यक्रम. सुरू होण्याआधी, संपल्यावर, एका वर्षाने आणि दोन वर्षांनी अशी किमान चार वेळा माहिती घ्या. महत्त्वाचे आकडे दोन: कधीही ओढली का, आणि गेल्या ३० दिवसांत काय काय वापरलं, प्रत्येक वस्तूचं वेगळं.

प्रश्नावली निनावी ठेवलीत तर तेच मूल पुढच्या वर्षी ओळखता येत नाही, नाव लिहायला लावलंत तर खरं कळत नाही. मधला मार्ग सांकेतिक क्रमांकाचा. नावांची यादी शाळेबाहेरच्या माणसाकडे कुलूपबंद ठेवायची, आणि हे मुलांना दाखवून द्यायचं. पैसे असतील तर लाळेतल्या कोटिनिनची (निकोटिनपासून शरीरात तयार होणाऱ्या द्रव्याची) तपासणी करता येते. ती गेल्या काही दिवसांतला वापर दाखवते, महिन्यातून एकदा ओढणारा तिच्यातून सुटतो. नमुने घेण्याआधी हवासुपाईंची गोष्ट आठवा आणि तपासणीनंतर ते नष्ट करण्याचं लेखी द्या.

आता एक हिशेब, जो न केल्याने भले भले तोंडघशी पडलेत. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून हजार मुलं म्हणजे हजार स्वतंत्र नमुने नव्हेत. शाळेमागे १०० मुलं आणि आपसातलं साम्य ०.०२ (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळी एकसारखी) धरलं, तर १ + (९९ × ०.०२) = २.९८. या आकड्याने भागलं की दहा शाळांतली तुमची १,००० मुलं गणिताच्या लेखी साधारण ३३६. फरक दिसायला मुलं वाढवून फारसं साधत नाही, शाळा वाढवाव्या लागतात. लहान समाजात तेवढ्या शाळाच नसतात. तिथे सगळ्यांना कार्यक्रम द्या, पण टप्प्याटप्प्याने, आणि अजून न मिळालेल्यांशी तुलना करा. ‘आमच्या मुलांना का नाही?’ हा रास्त प्रश्नही त्याने सुटतो.

गळती वेगळी नोंदवा. वर्षभरात शाळा सोडून गेलेली मुलं बहुधा जास्त जोखमीची असतात. ती हिशेबातून गेली की कार्यक्रम आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. गेलेल्यांपैकी निदान काहींना फोनवरून, मित्रांमार्फत शोधा.

निष्कर्ष आधी सल्लागार मंडळापुढे ठेवा, मग वस्तीच्या सभेत, मग बाहेर. सभेत एकच पान न्या: काय केलं, किती मुलं होती, काय बदललं, काय नाही बदललं. ‘नाही’चा रकाना भरलेला असू द्या, लोक आधी तोच वाचतात. ते पान वाचून झालं की त्याच सभेत पुढच्या तुकडीसाठी पाच-सहा मुलं मागून घ्या आणि पहिल्या सिगारेटचा नकाशा नव्याने काढायला बसा. तीन वर्षांपूर्वीच्या नकाशावर बारीक सिगार असेल, या खेपेला कदाचित पेनड्राइव्हसारखं दिसणारं काहीतरी निघेल, आणि ते पुढे करणारा हातही दुसराच असेल.